ब्रिस्टल १९२७ आणि लेस्ली रिडल

अमेरिकेतल्या ब्रिस्टल शहराचा मुख्य रस्ता म्हणजेच दोन राज्यांची हद्द. या बाजूला व्हर्जिनिया, रस्ता ओलांडला की टेनेसी. टेनेसीच्या बाजूला टोप्यांच्या एका कंपनीची इमारत होती. १९२७च्या जुलैअखेरीस तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीर गाणी ध्वनिमुद्रित करायला तिथे आले. त्यांनी वरच्या मजल्यावर घोंगड्या टांगून बाहेरचा गोंगाट अडवला आणि मायक्रोफोन लावला.

हा मायक्रोफोन महत्त्वाचा. त्याआधी भोंग्यासमोर जोर लावून गावं लागे. आता घरात गातात तसं गायलं, तरी तबकडीवर उमटत होतं.

५ ऑगस्टपर्यंत १९ गायक आणि वादकसंच येऊन गेले, ७६ रेकॉर्डिंग झाली. कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या लोकगीतांतून वाढलेल्या संगीताचा, इतिहास सांगताना हे दिवस टाळून पुढे जाताच येत नाही.

१ ऑगस्टला व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातून कार्टर मंडळी आली. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल. मेबेल अवघी १८ वर्षांची, पोटुशी. साराचा आवाज कानावर पडताच पीर यांनी ओळखलं, हेच हवं होतं. पण मेबेलच्या उजव्या हाताकडे नीट बघा. अंगठा गिटारच्या खर्जाच्या तारांवर गाण्याची चाल वाजवतो आणि त्याच वेळी बाकीची बोटं वरच्या तारांवर ठेका धरतात. एकाच गिटारमधून चालही आणि तालही! पुढच्या कितीतरी पिढ्या गिटार शिकल्या त्या हा हात ऐकून.

४ ऑगस्टला आला जिमी रॉजर्स. रेल्वेतला जुना कामगार, क्षयानं पोखरलेला. साथीदारांशी ऐनवेळी फाटलं, म्हणून एकट्यानंच दोन गाणी गायली. पुढे तो देशभर गाजला आणि १९३३ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी गेला.

आता पैशाचा हिशेब. गायकांना गाण्यामागे ५० डॉलर आणि विक्रीवर थोडी रॉयल्टी. पीर स्वतः कंपनीकडून पगार घेत नव्हते, त्याऐवजी गाण्यांचे प्रकाशनहक्क त्यांच्याकडे राहत. त्यामुळे त्यांना हवी होती आधी कुणाच्या नावावर नोंदलेली नसलेली गाणी. जुनं लोकगीतही चालायचं, थोडं बदलून नव्यानं नोंदवता आलं म्हणजे झालं.

अशी गाणी गोळा करायला ए. पी. गावोगाव हिंडू लागले. सोबतीला होता टेनेसीतल्या किंग्जपोर्ट गावचा लेस्ली रिडल, कृष्णवर्णीय गिटारवादक. दोघं अनोळखी माणसांच्या दारात जायचे, गाणं म्हणायला सांगायचे. ए. पी. शब्द उतरवून घेत. चाल मात्र लेस्लीच्या डोक्यात राहायची, आणि परतल्यावर तोच ती कार्टर मंडळींना ऐकवायचा. मेबेलही त्याच्या वादनातून शिकली.

तबकड्यांवर नाव छापलं गेलं ते ए. पी. कार्टर यांचं. लेस्लीचं नाही. वर्णभेदाच्या त्या काळात याचं कुणाला नवल वाटलं नसेल. आपल्याला मात्र ते खटकलंच पाहिजे. ज्या संगीताला जग गोऱ्या डोंगरी माणसांचं संगीत म्हणत आलं, त्याच्या पायातच या माणसाची स्मरणशक्ती आहे.

१९६०च्या दशकात मेबेलकडूनच संगीतकार माइक सीगर यांना लेस्लीबद्दल कळलं. त्यांनी त्याला शोधून काढलं आणि अनेक वर्षं त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली.  त्याच्या स्वतःच्या नावाचा अल्बम आला तो गेल्यानंतर, १९९३ मध्ये.