पापाची जाणीव: देव नेमकं कुठे बोट ठेवतो

नमस्कार श्रोतेहो, सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आज अशा विषयावर बोलायचंय जो चर्चमध्ये सारखा कानावर पडतो पण त्यावर कुणी नीट बसून बोलत नाही, तो म्हणजे पापाची जाणीव. रविवारी उपासनेत पापांगीकार होतो, आपण सगळे एका सुरात म्हणतो की विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलं, आणि त्यातलं काही खोटं नसतं, पण खरं सांगा, ते म्हणताना डोळ्यासमोर एखादी ठरावीक गोष्ट येते का? एखादं माणूस येतं का? बहुतेक वेळा नाही येत, पुढचं गीत कुठलं हे बघायला हात आधीच पुस्तकाकडे गेलेला असतो.

माझं म्हणणं असं आहे की पवित्र आत्मा जेव्हा जाणीव करून देतो तेव्हा ती मोघम नसते. "मी वाईटच आहे, माझं काहीच धड नाही, देव मला कशाला जवळ करेल" असं जे दिवसभर डोक्यात फिरत राहतं ना, त्यालाच कितीतरी विश्वासी भाऊबहिणी पापाची जाणीव समजून बसलेत, वर्षानुवर्षं ते टेन्शन घेऊन जगतायत, आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं. योहानाच्या 16 व्या अध्यायात, वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, येईल आणि तो पापाविषयी जगाची खातरी करील. म्हणजे बघा, पाप दाखवायला कोण येतोय तर आपली बाजू घेणारा. आणि प्रकटीकरणाच्या 12 व्या अध्यायात दुसरा एक जण आहे जो रात्रंदिवस आपल्यावर आरोप करत असतो, तो सैतान. दोघंही आपल्याला पापी म्हणतात. पण एकाला आपण घरी यायला हवे असतो आणि दुसऱ्याला आपण परत उठूच नये असं वाटत असतं.

आता दाविदाची गोष्ट घ्या. सगळ्यांना पाठ आहे, तरी एक गोष्ट सुटते. आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा, तिच्याशी दावीद राजाचं प्रकरण झालं, उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवलं, तिला राजवाड्यात आणलं, तिला मुलगाही झाला, आणि तोवर नाथान संदेष्टा आलेला नाही. म्हणजे कमीत कमी नऊ महिने. या नऊ महिन्यांत दावीद राजा दरबारात बसत असणार, न्यायनिवाडे करत असणार. आपण म्हणतो की माणसाचं मन त्याला खातं, सदसद्विवेक टोचतो, अहो पण इथे टोचून टोचून काय झालं? काहीच नाही.

मग नाथान येतो आणि राजाला एक केस सांगतो. एक श्रीमंत, एक गरीब. गरिबाकडे एकच मेंढी, ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या भांड्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत झोपायची, मुलीसारखी. श्रीमंताकडे पाहुणा आला तर त्याने स्वतःची सोडून गरिबाची मेंढी कापली. दावीद भडकतो, म्हणतो तो माणूस मेलाच पाहिजे, आणि मेंढीची चौपट भरपाई त्याने दिलीच पाहिजे. ही चौपट त्याने रागात फेकलेली नाहीये हं, निर्गमच्या 22 व्या अध्यायात एका मेंढराला चार असा नियमच आहे. म्हणजे कायदा पाठ, न्यायबुद्धी शाबूत, दुसऱ्याच्या पापावर राग अगदी खरा. फक्त स्वतःचं दिसत नव्हतं. तेव्हा नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." आणि तिथे थांबत नाही, उरीयाचं नाव घेतो, तलवार म्हणतो, त्याची बायको म्हणतो. सगळं नावानिशी.

स्तोत्र 51 च्या मथळ्यातच लिहिलंय की हे नाथान आला तेव्हाचं आहे. त्यात दावीद देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं. हे वाक्य मला बराच काळ खटकायचं, कारण अरे मग उरीयाचं काय? तो तर जिवानिशी गेला. पण नाथानाचं बोलणं आधी वाचलं की कळतं, उरीयाचं नाव तिथे मोठ्याने घेऊन झालंय आणि दावीदाने ते नाकारलेलं नाही. त्याला आता हे दिसतंय की उरीयाही देवाचाच होता, त्याच्यावर उगारलेला हात देवावर उगारला गेला. म्हणून ज्याला स्तोत्र 51 चा आधार घेऊन "माझं देवाशी मिटलंय, माणसांशी मला देणंघेणं नाही" असं म्हणायचंय त्याला मी स्पष्ट सांगेन, हे स्तोत्र तुम्हाला तसं म्हणू देत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट, पुणे जिल्ह्यातल्या केडगावची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने लिहितात की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी उमगलं. एवढी विदुषी, संस्कृतचं एवढं ज्ञान, बायकांसाठी एवढं काम उभं केलेली बाई, ती म्हणते की मला आधी स्वतःचं ओझं कळलं नव्हतं. चांगली कामं केली की पापाची जाणीव बोथट होते का असा प्रश्न मला इथे पडतो. होते, असं माझं मत आहे, निदान आपल्याला तसं वाटायला लागतं की आता आपलं खातं क्लिअर आहे.

1905 च्या सुरुवातीपासून मुक्तीत संजीवनासाठी, म्हणजे विश्वासात नव्याने जाग यावी म्हणून, रोज प्रार्थना चालू होती, जूनपर्यंत प्रार्थनेला बसणाऱ्या मुली-बायका पाचशेच्या वर गेल्या. जूनच्या अखेरीस रमाबाई त्यांच्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा 8 वा अध्याय समजावून सांगत होत्या आणि मुली एकदम मोठ्याने रडायला, प्रार्थना करायला लागल्या, इतक्या की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे कितीतरी दिवस मुली आपापली पापं कबूल करत होत्या.

आता या मुली कोण होत्या ते लक्षात घ्या. 1896-97 च्या आणि 1900 च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या, पोरक्या, काही बालविधवा. नवरा मेला की हिच्याच गेल्या जन्मीच्या पापाने मेला, ही पांढऱ्या पायाची, हे बालविधवांनी लहानपणापासून ऐकलेलं. तर मग या मुलींना आणखी पापाची जाणीव कशाला असं कुणीही विचारेल आणि विचारायलाच हवं. पण मला वाटतं नेमका इथेच फरक दिसतो. जगाने त्यांच्यावर लादलेला दोष त्यांचा नव्हताच, नवऱ्याच्या मरणाचं पाप त्यांच्या नावावर कुणीतरी चढवलं होतं, त्यातून सुटायला क्षमा नाही लागत, ते खोटं आहे हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि रमाबाईंनी ते आयुष्यभर सांगितलं. देवापुढे त्या रडल्या त्या स्वतःच्या पापासाठी. ज्या मुलीला आजवर फक्त अपशकुनी म्हणून ओळखलं गेलं तिला देव म्हणतो की तू माणूस आहेस, तू निवड करतेस, तुझ्या करण्याला माझ्याकडे किंमत आहे. यात अपमान नाही, मान आहे!

आणि योहान 8 ची सुरुवातच बघा. व्यभिचारात धरलेली बाई मध्ये उभी, हातात दगड घेतलेले तयार, आणि येशू म्हणतो तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. ते ऐकून वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन एकेक जण निघून गेला. म्हणजे त्यांनाही जाणीव झालीच होती की! पण ते गेले. ती बाई थांबली, आणि "मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नकोस" हे ऐकायला तीच तिथे होती.

म्हणून रडण्याचा आवाज किती मोठा यावरून मी कधीच काही ठरवत नाही. संजीवन सभेत ढसाढसा रडून माणूस घरी जाऊन बायकोवर हात उचलतो असंही होतं, लपवण्यात अर्थ नाही. येशूला धरून देऊन नंतर गळफास घेणारा शिष्य यहूदा, त्याचं तर फारच गंभीर आहे. मत्तय 27 मध्ये तो म्हणतो की मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केलं. अगदी नेमकं पाप, नेमकी कबुली, आणि त्याबद्दल मिळालेले तीस रुपयेही परत केले. आपण ज्याला खरा पश्चात्ताप म्हणू ते सगळं त्याने केलं, पण तो गेला याजकांकडे. आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. त्या रात्री पेत्र या शिष्यानेही येशूला तीनदा नाकारलं होतं, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तो बाहेर जाऊन खूप रडला. पण नंतर तिबिर्या समुद्रावर प्रभू काठाला उभा आहे म्हटल्यावर याच पेत्राने होडी काठाला लागायचीही वाट न बघता पाण्यात उडी टाकली. पाप दोघांनाही दिसलं होतं, पण पेत्र येशूकडे गेला.

पाळकसाहेब, वडीलमंडळी, तुम्ही ऐकत असाल तर तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणी येऊन पाप कबूल करायला लागलं की "तुझं तू बघ" हे वेगवेगळ्या शब्दांत आपल्या तोंडून जातं. "प्रार्थना करा, होईल ठीक" हेसुद्धा कधीकधी तेच असतं. आणि श्रोत्यांपैकी कुणाला सगळं संपवून टाकावं असं मनात येत असेल तर तो आवाज देवाचा नाही, आजच, आत्ता, जवळच्या माणसाला फोन करा, डॉक्टरकडे जा, एकटे राहू नका.

शेवटी एक रोजच्या व्यवहारातलं बोलतो. वडील गेले, जमीन भावांच्या नावावर करायची, बहिणीला माहेरी बोलावलं, साडी घेतली, जेवू घातलं आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली, आणि ती नाही म्हणाली असती तर माहेर तुटलं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. असा सातबारा घरात ठेवून दर रविवारी "हे देवा, मज पाप्यावर दया कर" म्हणणारे आपल्यात आहेत. जक्कय नावाचा जकातदार येशूपुढे उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. दाविदाने दुसऱ्याला सुनावलेली चौपट, जक्कयाने स्वतःला लावून घेतली, आणि येशू म्हणाला आज या घराचं तारण झालं. तारण विकत मिळालं असं नाही हं, येशू आधी त्याच्या घरी आला, मग पैसे बाहेर निघाले, हा क्रम विसरू नका. पण निघाले हेही विसरू नका. तुमच्या मनात आत्ता कुठल्या बहिणीचं, कुठल्या कामगाराचं, कुठल्या शेजाऱ्याचं नाव आलं असेल तर त्यांना आज फोन लावा, वकिलाकडे नंतर जाता येईल.

आज रात्री स्तोत्र 51 वाचणार असाल तर आधी 2 शमुवेलचे 11 आणि 12 हे अध्याय वाचा. पुढच्या वेळी क्षमा मिळूनही मन मानत नाही त्याविषयी बोलू. सलाम.