टॉवेल किती भिजला?

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. वक्त्या निवृत्त ट्यूटर सिस्टर, म्हणजे नर्सिंगच्या शिक्षिका, आहेत.)

मंडळी, नमस्कार. बोलायला लागण्याआधी एक काम करू या. या टेबलावर ट्रे आहे, ट्रेमध्ये टॉवेल आहे. सकाळी पांढरा होता, आता लाल आहे. घाबरू नका, रक्त नाही. खायचा रंग आणि पातळ केलेली खळ. पहिल्या रांगेपासून एकेक जण पुढे या, नीट बघा, हात लावू नका, आणि टॉवेलात किती मिलिलिटर जिरलंय ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. नाव घातलं नाही तरी चालेल. डॉक्टर मंडळींनी तर घालूच नका, नंतर त्रास होतो.

तोवर मी बोलते. पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'परिचर्या शिक्षण व रुग्णसेवेतील नवप्रवर्तन'. आमच्या शेजारच्या काकूंनी पत्रिका बघितली आणि विचारलं, प्रवचन कोणत्या महाराजांचं आहे? मी म्हटलं, माझंच आहे. त्या आल्यात आज. बसा काकू, आरती नाहीये शेवटी.

नवं काहीतरी म्हटलं की आमच्या क्षेत्रात पहिल्यांदा खरेदी होते. मी ज्या कॉलेजात शिकवत होते त्याचं नाव घेणार नाही. तिथं एकदा इन्स्पेक्शन लागलं आणि घाईघाईनं एक मोठी डमी आली. छाती वरखाली होणारी, नाडी लागणारी, डोळे उघडझाप करणारी. आम्ही तिघी ट्यूटर लहान पोरींसारख्या खोक्याभोवती उभ्या. पोरींनी तिला आल्या आल्या नाव ठेवलं, 'मॅडम'. कारण ती गोरी होती, गप्प होती आणि तिला हात लावायची परवानगी नव्हती.

इन्स्पेक्शन झालं, साहेब लोक जेवून गेले, आणि संध्याकाळी मॅडम कपाटात गेली. किल्ली क्लार्ककडे. डमी मागायची तर अर्ज, अर्जावर प्राचार्यांची सही, आणि सही झाली की क्लार्क रजेवर. मी एकदा चिडून विचारलं, अहो, पोरींना शिकायला आणली ना ही? तो शांतपणे म्हणाला, "मोडली तर माझ्या पगारातून जाईल, बाई." त्याचंही खोटं नव्हतं. मी रजिस्टर बघितलं. मेलेल्या माणसात जीव परत आणायला शिकवणारी बाहुली, आणि तिची नोंद कुठं? डेडस्टॉक रजिस्टरला!

पुढच्या इन्स्पेक्शनला कपाट उघडलं तेव्हा मॅडमच्या उजव्या हाताचं रबर उन्हाळ्यानं चिकट झालं होतं. सोलापूरचा मे महिना, बंद कपाट, वर पत्रा. तिथं माणूस टिकत नाही, रबर काय टिकणार. आणखी एक गंमत. तिला बोलता यायचं. बटण दाबलं की अमेरिकन उच्चारात सांगायची, मला श्वास घेता येत नाही. आता आपल्याकडं असं कोण म्हणतं? आपल्याकडं बाई म्हणते, जीव घाबरा झालाय. पूर्व भागातली म्हातारी पोटाला हात लावून तेलुगूत म्हणते, नोप्पी. अक्कलकोटकडची कन्नडमध्ये म्हणते, नोवु. सोलापुरातल्या सिस्टरला तीन-चार भाषांत दुखणं ओळखावं लागतं, आणि आमच्या मॅडमला त्यातली एकही येत नव्हती.

मग मी या डम्या आल्या कुठून ते वाचत बसले. रिकामा वेळ होता, कपाटाला कुलूपच होतं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम दु कुद्रे नावाची सुईण होती. १७५९ साली तिथल्या राजानं तिला देशभर फिरून खेड्यापाड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवायचा हुकूम दिला. तिनं काय नेलं बरोबर? कापड, चामडं आणि आत भरलेला कापूस, असं शिवलेलं गर्भाशय आणि शिवलेलं बाळ. काही नमुन्यांत स्पंज होते, योग्य वेळी त्यातून लाल पाणी सुटायचं. हजारो बायका त्यावर शिकल्या. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलनं नर्सिंगच्या मुलींसाठी माणसाच्या उंचीची बाहुली करून घेतली. कुणाकडून? मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून. आणि १९६० च्या सुमाराची ती तोंडानं श्वास द्यायला शिकवणारी ॲन नावाची प्रसिद्ध डमी, ती नॉर्वेतल्या लार्दाल या खेळणीवाल्याची. म्हणजे बघा, सुईण, बाहुलीवाली, खेळणीवाला. यात कुठं मोठी मशीन आहे? यात कापड आहे. आणि कापडाच्या गावात बसून आम्ही रबराच्या बाईची किल्ली मागत फिरत होतो.

कापडाचं गाव म्हटल्यावर एक आडवळण घेते, रागावू नका. आपण सगळे डॉक्टर कोटणीसांचं नाव अभिमानानं घेतो, घ्यायलाच पाहिजे. सोलापूरचा मुलगा, १९३८ साली चीनला गेला, १९४२ साली तिथंच गेला, वय अवघं ३२. पण त्यांच्या पत्नी को छिंगलान नर्स होत्या, हे या सभागृहात किती जणांना माहीत आहे? हात वर करा. चार. त्यातल्या तिघी सिस्टर आहेत. नवरा गेला तेव्हा पोर काही महिन्यांचं होतं. माझं गाऱ्हाणं एवढंच, की डॉक्टरचा पुतळा होतो आणि सिस्टर फोटोत बाजूला उभी असते. संयोजक घड्याळाकडं बघताहेत. आले, मूळ मुद्द्यावर आले.

माझे वडील मागावर कामाला होते. टॉवेलांचा गठ्ठा हातावर तोलायचे आणि वजन सांगायचे. काट्यावर टाकला तर फरक नावाला. लहानपणी मला ती जादू वाटायची. मोठेपणी कळलं, जादूबिदू काही नाही. मुकादम रोज गठ्ठा काट्यावर टाकायचा, आणि वजन कमी भरलं की पैसे कापायचा. रोज अंदाज, लगेच काटा. हाताला शहाणं व्हावंच लागलं.

आता माझं ऐका. वडिलांच्या निम्म्या वयाची होते तेव्हा लेबर रूममध्ये लागले आणि अनेक वर्षं बाळंतपणं केली. प्रत्येक वेळी केसपेपरवर रक्तस्राव किती ते लिहायचं. मी लिहायची २००, कधी २५०. का? कारण माझ्या आधीची सिस्टर तेच लिहायची. एका रात्री एक बाई बाळंत झाली, तिसरं मूल, सगळं सुरळीत. मी २५० लिहिलं, सही केली, बाळाला गुंडाळत होते. तेवढ्यात मावशी रक्ताची कापडं भरलेली बादली उचलायला गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज बादली लई जड हाय." मी वळून बघितलं. बाईचे ओठ पांढरे. नाडी धरली तर १३०. बीपी मात्र बऱ्यापैकी होतं, म्हणून तर मी निवांत होते. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढलेलं असतं, शरीर बराच वेळ ढकलतं, बीपी उशिरा पडतं. आधी नाडी पळते. मग पोट चोळणं, इंजेक्शन, दुसऱ्या हाताला सलाईन, डॉक्टरांना निरोप, ब्लड बँकेकडे माणूस पळवणं. बाई वाचली. पण माझ्या अंदाजामुळं नाही, मावशींच्या खांद्यामुळं वाचली.

मावशींना अंदाज का आला? रोज बादली उचलायच्या म्हणून. हातात वजन होतं. माझ्याकडं नुसता डोळा होता, आणि त्या डोळ्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की तू चुकतोयस. पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या या गावात घागरीत किती आणि पिंपात किती हे आपल्या बायकांना झोपेतही सांगता येतं. टॉवेलात किती हे मात्र सांगता येत नाही. टॉवेल पितो आणि दाखवत नाही. चांगल्या टॉवेलची तर तीच ख्याती, तेवढ्यासाठी लोक सोलापूरचा मागतात!

त्यानंतर मी वर्गात डमीचा नाद सोडला. ओळखीच्या कारखान्यातून सेकंडचा माल आणला, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. कोरड्या टॉवेलचं वजन आधी लिहून ठेवायचं. मग एका टॉवेलवर लाल खळ ओतायची, दुसऱ्यावर जास्त, तिसरा चोळामोळा करून गादीखाली दडवायचा, कारण खऱ्या लेबर रूममध्ये तो तिथंच असतो. पोरींनी बघायचं, आकडा लिहायचा, आणि लगेच काट्यावर. ओल्याच्या वजनातून कोरड्याचं वजा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर धरायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांचे आकडे निम्म्यावर. पाण्यानं करू नका बरं, पाणी पसरतं, रक्त थोडं दाट असतं. खळ त्याला जवळची. काही आठवड्यांनी पोरींचे आकडे काट्याच्या जवळ येऊ लागले, आणि त्या एकमेकींना हसायच्या, ए, तू अजून २००वालीच का?

ही माझी एकटीची चूक नव्हती, हे मला पुढं कळलं. आपल्या शेजारी बेळगावला तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयानं अमेरिकन मंडळींबरोबर प्लास्टिकची एक चादर तयार केली. बाळंतिणीखाली अंथरायची, खाली फनेलसारखी पिशवी, पिशवीवर रेघा. रक्त पिशवीत जमतं आणि आकडा समोर दिसतो. त्यांनी ताडून बघितलं, तर डोळ्यानं केलेला अंदाज पिशवीपेक्षा सुमारे ३३ टक्के कमी निघाला. हे २००६ साली छापून आलं. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या १६२० बायांवर झालेला, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यासही आला. त्या गोळ्या कुणी दिल्या? गावातल्या एएनएम सिस्टरांनी. बेळगाव आपल्यापासून किती लांब आहे? कुंद्याची बातमी रात्रीत पोचते, पिशवीची नाही पोचली.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली रेघ मारलीय. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पाच मिनिटांत. चालेल, लेबर रूमला पाच मिनिटं पुष्कळ असतात.

पहिलं. २०२१ पासून बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम सेमिस्टरचा झाला आणि त्यात सिम्युलेशनला रीतसर जागा मिळाली. चांगलं झालं. पण सिम्युलेशन म्हणजे डमी नव्हे. सिम्युलेशन म्हणजे चुकायला जागा, चूक झाल्या झाल्या काटा, आणि नंतर दहा मिनिटं खाली बसून बोलणं. आपण मार कुठं खातो? या बोलण्यात. डेमो झाला, जर्नलवर सही झाली, पोरी कँटीनला. माझा हिशेब असा, की दहा मिनिटं करून बघायचं तर वीस मिनिटं त्यावर बोलायचं. त्यात ट्यूटरनं ओरडायचं नाही. मला जमलं नाही सुरुवातीला, मी ओरडायची.

दुसरं. पोरींना परीक्षेत आकडा विचारा. 'प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्तस्राव म्हणजे काय? धोक्याचा रक्तस्राव' हे उत्तर सगळ्यांना येतं. प्रॅक्टिकलला भिजलेला टॉवेल ठेवा आणि विचारा, हे ५०० आहे का? आपल्याकडं अशक्त, रक्त कमी असलेल्या बाया येतात, त्यांना ३०० सुद्धा जड जातं.

तिसरं, ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं. ड्युटी बदलताना ओव्हर टेबलाशी घेऊ नका, पलंगाशी घ्या. देणारीनं आणि घेणारीनं मिळून कापडं बघायची, पोटाला हात लावायचा, नाडी मोजायची. मोजून काय होतं? २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांचा मोठा अभ्यास आला. दोन लाखांवर बाळंतिणी. मापाची पिशवी लावली, आणि रेघ ओलांडली की पोट चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे एकामागून एक न करता एकदम करायचं ठरवलं. गंभीर त्रास आणि मृत्यू मिळून धरलेलं प्रमाण ६० टक्क्यांनी उतरलं. नवं औषध एकही नव्हतं त्यात. रेघ होती.

चौथं होतं ते राहू दे, दुभाषी तक्त्यांचं. कन्नड-तेलुगू शब्दांची पोरींनी केलेली वही मी आणलीय, बाहेर ठेवते, झेरॉक्स काढून घ्या. पाचवं पण होतं. संयोजक श्रीफळ घेऊन उभेच राहिलेत, तेव्हा ते गेलंच.

चला, काटा. सेकंड इयरची कोण आहे? ये गं, टॉवेल ठेव. गळू देऊ नकोस, ट्रेतलं पण धर. कोरडा ३१० ग्रॅम होता, फळ्यावर लिहिलंय. आता किती? ११३०. वजा कर. ८२०.

आता डबा उघडा. दोनशे. तीनशे. अडीचशे. दोनशे. चारशे, शाब्बास. दीडशे? दीडशे कुणी लिहिलंय? अक्षर वाचता येत नाहीये, म्हणजे कुणाचं असेल ते कळलं, सांगत नाही. सातशे, ही कुणाची? काकू, तुमची? प्रवचनाला आलात आणि नंबर मारलात की.

अहो साहेब, नारळ जरा खाली ठेवा. पिशवीत दुसरा टॉवेल आहे. चिठ्ठ्या वाटा, पुन्हा लिहू या.