चार हजार फुटांपर्यंतचा कोळसा

वेल्समधल्या ब्लेनाव्हॉन इथल्या या खाणीत उतरण्यापूर्वी प्रत्येकाला घड्याळ, मोबाइल आणि बॅटरीवर चालणारी इतर प्रत्येक वस्तू वरच ठेवावी लागते, कारण कोळशाच्या थरातून झिरपणाऱ्या मिथेनला एक ठिणगी पुरेशी असते. कपाळावर दिवा बांधून पिंजऱ्यात उभे राहायचे आणि सुमारे ९० मीटर खाली जायचे. 'बिग पिट' नावाच्या या खाणीतले उत्पादन १९८० मध्ये थांबले आणि १९८३ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे. वेल्सच्या जमिनीखाली कोळसा आजही आहे. ब्रिटनच्या हिशोबातून मात्र तो जवळजवळ नाहीसा झाला आहे.

हा हिशोब कसा मांडला जात होता, ते पाहण्यासारखे आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने इशारा दिला, की कोळसा अचानक संपणार नाही, पण खाणी खोल जातील तसा तो महाग होईल आणि स्वस्त कोळशावर उभी असलेली ब्रिटनची आघाडी ओसरू लागेल. पुढच्याच वर्षी कोळशाचा साठा मोजण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला, १९०५ मध्ये दुसऱ्या आयोगाचा. दोन्ही आयोगांनी चार हजार फुटांपर्यंतच्या खोलीतले, किमान एक फूट जाडीचे थर धरले. ज्ञात क्षेत्रांतला साठा पहिल्या आयोगाने सुमारे ९० अब्ज टन मांडला होता. मधल्या काळात अब्जावधी टन कोळसा उपसला जाऊनही दुसऱ्या आयोगाचा आकडा सुमारे १०० अब्ज टनांवर गेला.

ही जुनी चित्रफीत कोळसा जहाजांत भरणाऱ्या वेल्समधल्या बंदराची आहे. १९१३ मध्ये ब्रिटनने २८ कोटी ७० लाख टन कोळसा काढला; त्याच वर्षी भारताचे उत्पादन होते सुमारे १ कोटी ६० लाख टन. बंगालमधल्या राणीगंजला १७७४ पासून खाणकाम होत असूनही तिथला कोळसा रेल्वेभाड्यामुळे मुंबईत महाग पडे, आणि एकोणिसाव्या शतकात हजारो मैल दूरचा ब्रिटिश कोळसा जहाजातून मुंबईच्या गोदीत उतरत असे. थर कुठे आहे यापेक्षा तो गिरणीच्या बॉयलरपर्यंत किती खर्चात पोहोचतो, यावर त्याची किंमत ठरत होती.

पुढे जहाजे तेलावर गेली, घराघरांत नैसर्गिक वायू आला, परदेशी कोळसा स्वस्त पडू लागला, खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप मोडला गेला आणि खाणगावांचा रोजगार गेला. केलिंगली ही शेवटची खोल खाण १८ डिसेंबर २०१५ रोजी बंद झाली. तेलकंपनी 'बीपी'च्या २०२१ च्या सांख्यिकी आढाव्यात ब्रिटनचा सिद्ध साठा, म्हणजे परवडेल अशा खर्चात काढता येईल असा खात्रीचा कोळसा, अवघा २ कोटी ६० लाख टन आहे. शंभर अब्जांपैकी बहुतेक कोळसा कोणी काढून नेलेला नाही. तो परवडेनासा झाला, म्हणून मोजणीतून गळला. याच आढाव्यात भारताचा सिद्ध साठा सुमारे १११ अब्ज टन आहे.

आता चंद्रपूर जिल्हा. हे यंत्र जमिनीत भोक पाडत जाते आणि नळीतून दगडाचा सलग दांडा वर येतो. आधी माती, मग वालुकाश्म, मग शेल हा चिखलापासून बनलेला थरदार खडक, आणि मध्येच हा काळा तुकडा. प्रत्येक मीटरची खूण करून हे दांडे पेट्यांत मांडले जातात. कोळशाचे नमुने प्रयोगशाळेत जातात, तिथे राख, ओलावा आणि उष्मांक तपासला जातो आणि उष्मांकावरून जी-१ ते जी-१७ यांपैकी प्रत ठरते. भारतीय कोळशात राख पुष्कळ, त्यामुळे एक टन कोळसा वाहून नेताना तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक निव्वळ राखच वाहिली जाते. अशा असंख्य भोकांच्या नोंदी जुळवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था देशाची यादी तयार करते. कोळशाचा शोध हेच या संस्थेच्या १८५१ मधल्या स्थापनेचे मुख्य कारण होते. १ एप्रिल २०२४ च्या यादीत, अजून सिद्ध न झालेलाही धरून, सुमारे ३८९ अब्ज टन कोळसा आहे, आणि ती १,२०० मीटर खोलीपर्यंतचा कोळसा धरते.

१,२०० मीटर म्हणजे जवळपास चार हजार फूट. दीडशे वर्षांपूर्वी ब्रिटनने ओढलेलीच ही रेघ आहे, आणि तिच्यावर विसंबून 'अजून शेकडो वर्षे पुरेल' असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, हे आम्हाला धोकादायक वाटते. ही उघडी खाण पाहा. शॉवेल आणि डंपर दिवसरात्र चालतात, ओबीचे, म्हणजे कोळशावरच्या माती-दगडाचे, डोंगर गावांना खेटून उभे राहतात आणि शेतजमीन जाते. देशातला बहुतांश कोळसा अशाच उघड्या खाणींतून येतो; हजार मीटरखालच्या थराकडे आपल्या खाणी फिरकतही नाहीत. तरीही एकूण आकडा सांगताना तो खोल थरही या उथळ थराइतकाच एक टन धरला जातो.

२०२४-२५ मध्ये भारताने १०० कोटी टनांहून अधिक कोळसा काढला, तर ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधले शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र बंद झाले. म्हणून आमची मागणी आहे, की राष्ट्रीय यादीत खोलीच्या रकान्याशेजारी काढण्याच्या खर्चाचाही रकाना असावा, आणि चंद्रपूर, वणी, उमरेडसारख्या प्रत्येक खाणपट्ट्यासाठी तो वेगळा, दरवर्षी, मराठीतही जाहीर व्हावा.