देवाच्या हातात काय आहे?

पडद्यावर दिसते आहे ती चार बोटे उंचीची पितळी विष्णुमूर्ती आहे. डोक्यावर मुकुट आहे, हात चार आहेत; परंतु वरच्या उजव्या हातात चक्र आहे की कमळ, हे कॅमेरा कितीही जवळ नेला तरी सांगता येत नाही, कारण वर्षानुवर्षांच्या घासण्याने तेथे केवळ एक गुळगुळीत उंचवटा उरला आहे.

ही बाब किरकोळ नाही. संध्येच्या आरंभी केशवापासून कृष्णापर्यंत विष्णूची जी 24 नावे घेतली जातात, त्या 24 रूपांच्या मूर्ती शंख, चक्र, गदा आणि पद्म यांपैकी काय कोणत्या हातात आहे, यावरूनच ओळखल्या जातात. चार वस्तू चार हातांत मांडण्याचे प्रकारही बरोबर 24च होतात. म्हणजे हातातले चिन्ह पुसले गेले की मूर्ती विष्णूचीच राहते, पण केशव कोणता आणि माधव कोणता हे हरवते. लेकीला सासरी जाताना दिल्या जाणाऱ्या अन्नपूर्णेची पळी आणि रांगत्या बाळकृष्णाच्या तळहातावरचा लोण्याचा गोळा यांचेही तसेच आहे. मूर्तीचा अर्थ तिच्या हातांत असतो, आणि घासताना चिंधी सर्वांत आधी लागते तीही तेथेच.

घडणीकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. आधी मेणाची प्रतिमा करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही पद्धत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वर्णिली आहे, आणि तामिळनाडूतील स्वामीमलै येथे ती आजही चालते. ओतकाम थंड झाल्यावर डोळे, बोटे, दागिने छिन्नीने रेखले जातात. त्यातच घरातील मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतच असावी, असे मत्स्यपुराण सांगते. एवढ्याशा मूर्तीवर डोळ्याची रेघ ती किती खोल असणार?

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. हवा, ओल आणि निरांजनाची काजळी यांमुळे त्यावर काळपट थर चढतो. तो चिंचेच्या कोळाने झटकन निघतो, कारण आम्ल त्या थराला विरघळवते. मात्र कोळ चोपडून मूर्ती तशीच ठेवून दिली, तर आम्ल पितळातील जस्तही ओढून घेते आणि पृष्ठभागावर तांबूस-गुलाबी डाग उमटतात. ते डाग मळाचे नसतात, त्यामुळे पुन्हा घासून जात नाहीत. लिंबाच्या फोडीला मीठ लावून घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळलेलाच बरा, कारण खाचांत राहिलेले मीठ ओल धरते आणि तेथे हिरवी पूड धरू लागते. पितळी भांड्यात ताक कळकते हे आपण जाणतो, पण पंचामृतातील दही कानामागच्या खाचेत राहिले तर मूर्तीचे काय होते, याचा विचार सहसा होत नाही.

संग्रहालयात जुन्या धातुमूर्तीचा काळसरपणा बहुधा मुद्दाम राखला जातो. देव्हाऱ्यातला देव ही संग्रहालयातील वस्तू नव्हे. त्याला स्नान हवेच. परंतु स्नान आणि घासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत हीच आपली खरी चूक आहे असे वाटते. रोज साधे पाणी आणि मऊ सुती कापड पुरते. सणाच्या आदल्या दिवशी पातळ कोळ बोटाने हलकेच फिरवावा, लगेच भरपूर पाण्याने धुवावा. चेहऱ्यावर राख, रांगोळी किंवा तारेची घासणी कधीही लावू नये. मूर्तीवर कारखान्यातच पारदर्शक लेप दिलेला असेल, तर कोळही नको. पाठीवर आणि प्रभावळीच्या आत थोडा काळपटपणा राहिला तर राहू द्यावा. त्यामुळे कोरीव रेघा उलट अधिक उठून दिसतात.

शेवटी मूर्ती उलटी करून पाहावी. बैठकीच्या खालची पोकळी बहुतेक वेळा पुसायची राहते, आणि त्या साचलेल्या थेंबांची हिरवट कडी देवाच्या वस्त्रावर उमटलेली पुष्कळ देव्हाऱ्यांत दिसते.