उंदरांच्या वंशावळीतून समुद्रप्रवासाचा शोध

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी बेटांवर व्होल नावाचा आखूड शेपटीचा, गवतातून बारीक वाटा पाडत फिरणारा उंदरासारखा प्राणी आढळतो. व्होलची ही जात युरोप खंडात सर्रास दिसते, परंतु ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ती मुळीच नाही. मग ती ऑर्कनीला पोहोचली कशी?

याचा उलगडा झाला तो मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांतील, डीएनएमुळे. हा डीएनए पिल्लांना केवळ आईकडून मिळतो, त्यामुळे मातृवंशाची रेषा सलग राहते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात साचलेले बारीकसारीक बदल ताडून पाहिले म्हणजे कोणाचे नाते कोणाशी जवळचे आहे हे कळते. ऑर्कनीच्या व्होलचे जवळचे आप्त पश्चिम युरोपच्या किनारपट्टीवर निघाले, तर ऑर्कनीतच उत्खननात मिळालेल्या त्याच्या सर्वांत जुन्या हाडांचे वय कार्बन कालमापनाने सुमारे ५,१०० वर्षे भरले. म्हणजे नवाश्मयुगीन शेतकऱ्यांच्या होड्यांतून, कदाचित गुरांच्या चाऱ्यात दडून, तो तेथे आला असावा. ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांच्या सफरीची साक्ष एवढ्याशा जिवाने द्यावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

अटलांटिकमधील मदेरा बेटावर पोर्तुगीज १४१९च्या सुमारास उतरले. तेथील घरउंदरांचा मातृवंश मात्र उत्तर युरोपशी जुळतो. एवढ्यावरून उत्तर युरोपातील व्हायकिंग या प्राचीन दर्यावर्दी लोकांचे नाव घेणे घाईचे ठरले असते, कारण पुढे केव्हातरी आलेल्या एखाद्या जहाजातूनही ते उंदीर उतरलेले असू शकतात. परंतु तेथे सापडलेल्या उंदराच्या हाडाचा काळ इ. स. ९०३ ते १०३६ यांच्या दरम्यानचा असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते जहाज कोणाचे होते हे हाड सांगत नाही, पण पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी तेथे कोणीतरी येऊन गेले होते, या शंकेला त्याने भक्कम आधार दिला. डीएनए नाते सांगतो, हाड काळ सांगते. दोन्ही हाती असल्याखेरीज मी तरी ठाम बोलणार नाही.

घराच्या आढ्यावरून धावणारा काळा उंदीर आपल्या इतवारी बाजारपेठेतील धान्याच्या व्यापाऱ्यांना चांगलाच परिचित आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे अनेक मातृवंश वेगळे ओळखता आले, आणि जहाजांबरोबर युरोप, आफ्रिका व अमेरिकेपर्यंत पसरलेल्या वंशाचे मूळ भारतीय उपखंडात असल्याचे दिसून आले.