शिक्क्याचा भाव

पुण्यातलं शिवाजीनगर. मेट्रोतून उतरलेली माणसं कोर्टाच्या भिंतीलगतच्या नोटरींच्या या टेबलांपाशी येऊन थांबतात. कुणाला कॉलेजसाठी गॅपचं ऍफिडेव्हिट हवंय, कुणाला आधारवरचं आडनाव बदलायचंय.

आता नोटरीचे हात बघा. आधी ओळखपत्र ताडायचं. पक्षकाराची सही समोर घ्यायची. मग नोटरीचं तिकीट, मग गोल शिक्का, बरोबर पाच सेंटिमीटर व्यासाचा. त्यात नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक. शेवटी हे जाडजूड रजिस्टर: तारीख, कागद कसला, फी किती, आणि पक्षकाराची पुन्हा सही. जानेवारीत वर्षभराच्या कामाचा तक्ता सरकारकडे जातो. १९५२चा नोटरी कायदा आणि १९५६चे नियम यांनी हे सगळं बांधून दिलंय. लोकांना दिसतो फक्त शिक्का. म्हणून घासाघीसही शिक्क्याचीच.

या खुर्चीवर बसायला किमान दहा वर्षांची वकिली लागते; महिला आणि मागासवर्गीयांना सात. पगार नाही. फीची कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवतं. त्यावर जायचं नाही. खाली कितीही या, कुणी अडवत नाही. मेख इथंच आहे. एजंट कागदांचा गठ्ठा आणतो, "साहेब, आपला नेहमीचा कमी दर," म्हणतो. पक्षकाराकडून त्यानं किती घेतले, ते रजिस्टरात येत नाही. एकानं नकार दिला तर गठ्ठा शेजारच्या टेबलावर जातो. भाडेकरार ऑनलाइन नोंदणीकडे वळून तेवढं काम गेल्यापासून तर नकार देणं आणखी जड झालंय.

कोर्ट सुटल्यावर नोटरींच्या बैठकीसाठी हीच टेबलं एकत्र ओढली गेली. दिवसभर एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणारी माणसं शेजारी शेजारी बसलीत. अध्यक्ष कोण, यावर बराच वेळ गेला. तेवढं आम्ही चित्रणातून कापलंय. सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मात्र ओळ न् ओळ वाचला गेला. फीचे दर वाढवावेत, यावर सगळे एका आवाजात. 'एजंटाला सूट नाही' या ओळीवर आवाज चढले. ज्येष्ठ वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "दरपत्रक दिसेल असं लावा, हे नियमातच आहे. ते आधी लावू या."

दर वाढले तर लांबून एसटीनं आलेल्या माणसालाही जास्त मोजावे लागतील, हे खरंच.

मसुदा दिल्लीला विधी व न्याय मंत्रालयाकडे जाणार आहे. सह्या सुरू आहेत. कोपऱ्यातल्या दोन टेबलांची सही अजून झालेली नाही. उद्या सकाळी पहिला गठ्ठा कुठं जातो ते बघून ठरवू, म्हणतात.