लाखेच्या तबकडीवरचा टाहो

नमस्कार श्रोतेहो. २७ एप्रिल १९२८ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, तबकड्या काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या माणसांसमोर एक जोडी येऊन उभी राहिली. जो फाल्कनच्या हातात छोटा अकॉर्डियन, क्लिओमा ब्रोच्या हातात गिटार. बस्स, दोनच वाद्यं! एवढ्यावर काय गाणं होणार, असं कंपनीवाल्यांना वाटलं. पण सोबत रेन गावचा एक जवाहिऱ्या आला होता. शेकडो तबकड्या मीच घेतो म्हणत त्यानं चेकबुक काढलं आणि मग कुठे यंत्र फिरलं, असं फाल्कन पुढे सांगत असे.

गाणं होतं ‘आलों आ लाफायेत’. चल, लाफायेत गावी जाऊ. कशाला? तर तुझं नाव बदलायला! लग्न झालं की बाईचं नाव बदलतं, हे आपल्याला का वेगळं सांगायला हवं?

ही केजन संगीताची पहिली तबकडी. केजन म्हणजे आजच्या कॅनडातल्या अकादियातून इंग्रजांनी १७५५ पासून हुसकावलेल्या आणि पुढे लुइझियानात येऊन वसलेल्या फ्रेंच लोकांचे वंशज. लुइझियानाच्या शाळेत फ्रेंच बोललं की पोरांना शिक्षा व्हायची, आणि आता तीच बोली दुकानात पैसे मोजून मिळू लागली. कंपनीला संस्कृतीबिंस्कृती जपायची नव्हती, माल खपवायचा होता. त्या तबकड्यांत लाख असे, आणि लाखेचा मोठा पुरवठा होई तो आपल्या हिंदुस्थानातून.

माझा जीव मात्र अडकतो तो आमेदे आर्दवाँपाशी. हा अकॉर्डियन वाजवत गाणारा काळा क्रिओल, म्हणजे लुइझियानातला फ्रेंच बोलणारा कृष्णवर्णीय, आणि त्याच्या साथीला फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, गोरा डेनिस मॅगी. वर्णभेदाच्या त्या काळात दोघांनी डिसेंबर १९२९ मध्ये एकत्र ध्वनिमुद्रण केलं. आर्दवाँ गातो कसला, टाहोच फोडतो. आवाज आता फाटणार असं वाटतं, तोच अकॉर्डियन त्याला झेलतो. नाचाच्या कार्यक्रमात घाम पुसायला एका गोऱ्या बाईनं रुमाल दिला, एवढ्यावरून त्याला बेदम मारलं, असं सांगतात. १९४२ साली तो सरकारी मनोरुग्णालयात वारला. मागे राहिली ३४ गाणी, त्यातली शेवटची १९३४ची.

त्याच वर्षी लोकगीतं गोळा करणारा १९ वर्षांचा अ‍ॅलन लोमॅक्स वडिलांबरोबर मोटारीत अवजड यंत्र घालून लुइझियानात हिंडत होता. बायकांनी घरात, वाद्यांशिवाय म्हटलेली जुनी गाणी त्यानं टिपली. ती विकत कोण घेणार होतं?

असो. आता आर्दवाँच ऐकूया. सुरुवातीची खरखर तबकडीची आहे बरं का, रेडिओचं बटण पिळू नका.